ती गोगलगाय परत छापा

प्रति,
मा. संचालक,
राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद,
श्री अरविंद मार्ग, नवी दिल्ली

महोदय,


मी दापोडीहून लिहिते आहे. पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलनं निघालं की खडकीनंतरचं स्टेशन. एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा इथं आहे. माझे वडील तिथं फिटर होते, लाल गाड्यांचे सांगाडे उभे करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आमच्या विहाराच्या वरच्या मजल्यावर एक अभ्यासिका चालते. तिथं येणारी काही मुलं दापोडी, बोपोडी, फुगेवाडीची आहेत, काही लातूर-नांदेडकडून येऊन चौघांत एक खोली करून राहणारी. बहुतेकांची राज्यसेवेची तयारी चालू असते आणि त्या तयारीत तुमची पुस्तकं पाठ होईपर्यंत वाचली जातात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत 'जुनी एनसीईआरटी' अशी वेगळी मागणी असते, हे कदाचित दिल्लीपर्यंत पोचलं नसेल.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका मुलीनं माझ्यापुढं दोन पुस्तकं ठेवली. दोन्ही तुमचीच, अकरावीची, 'इंडियन कॉन्स्टिट्यूशन ॲट वर्क'. एक २०१२ च्या आधी छापलेलं, एक नंतरचं. जुन्यात पहिल्या धड्यात एक चित्र होतं, नव्यात ते नव्हतं. तिनं विचारलं, "ताई, हे का काढलं? आणि काढायचंच होतं तर आधी घातलं कशाला?" दोन्हींची उत्तरं मला ठाऊक होती. तरी मी "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली, कारण त्या उत्तरात माझाही वाटा होता.

चित्र २८ ऑगस्ट १९४९ चं. के. शंकर पिल्लई यांनी त्यांच्या 'शंकर्स वीकली'त काढलेलं. एक भलीमोठी गोगलगाय, तीच संविधान. तिच्यावर बाबासाहेब बसलेत, हातात चाबूक. मागे पंडित नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक, उगारलेला. आणि पलीकडे बघ्यांची गर्दी. घटना तयार व्हायला फार वेळ लागतोय, असं शंकरना म्हणायचं होतं. तुमच्या पुस्तकानं चित्राखाली विद्यार्थ्यांना हेच विचारलं होतं: संविधान सभेला एवढा वेळ का लागला असेल?

दापोडीतल्या माणसाला मात्र त्या चित्रात आधी गोगलगाय दिसत नाही. आधी दिसतो तो बाबासाहेबांच्या पाठीमागे उगारलेला चाबूक. तो चाबूक गोगलगायीसाठी होता की तिच्यावर बसलेल्या माणसासाठी, यावर २०१२ मध्ये विद्वानांनी पुष्कळ लिहिलं. माझ्या आजीला तसा प्रश्नच पडला नसता. तिच्या वडिलांनी वतनाच्या नावाखाली गावाची वेठ उपसली होती, आणि वेठीवर उशिरा पोचलेल्या माणसाचं काय होतं हे तिनं लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. एका ब्राह्मण पंतप्रधानाच्या हातात चाबूक, पुढं एक महार कायदेमंत्री, आणि सभोवती हसणारे लोक. हे चित्र काढणाऱ्याच्या मनात जात नसेलही. पाहणाऱ्याच्या अंगात ती आधीपासून आहे.

आणि हे एकटं चित्र नव्हे. विजयवाड्याकडचे संशोधक उन्नमती श्याम सुंदर स्वतः व्यंगचित्रकार आहेत. १९३२ ते १९४८ या काळात इंग्रजी वृत्तपत्रांनी बाबासाहेबांवर काढलेली शंभराहून अधिक व्यंगचित्रं त्यांनी जुन्या अंकांतून शोधून काढली, आणि २०१९ मध्ये 'नो लाफिंग मॅटर' या नावाचं पुस्तक नवयान प्रकाशनानं काढलं. ते पुस्तक मी तीन बैठकांत वाचलं, कारण एका बैठकीत वाचवेना. शंकर आहेत, एन्व्हर अहमद आहेत, त्या काळातले सगळे मोठे हात आहेत. पानामागून पान बाबासाहेब बुटके. गांधी, नेहरू, पटेल यांच्या गुडघ्याला लागतील एवढे. कुठं हट्टी पोर, कुठं रुसलेली बाई. ज्यानं कोलंबियातून आणि लंडनमधून पदव्या आणल्या, ज्यानं पाण्यासाठी महाडला माणसं उभी केली, तो माणूस या चित्रांत कधी पूर्ण उंचीचा होतच नाही. हा एकेका चित्रकाराचा खोडसाळपणा म्हणून सोडून देता येत नाही. ही एक ठरून गेलेली पद्धत होती.

म्हणून ११ मे २०१२ ला संसदेत गदारोळ झाला आणि मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी चित्र काढून टाकण्याचं जाहीर केलं, तेव्हा मला आनंद झाला होता. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. आमच्या गल्लीत टीव्हीपुढं माणसं जमली होती. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बातमी आली की पुणे विद्यापीठात प्रा. सुहास पळशीकरांच्या कार्यालयाची काही जणांनी मोडतोड केली. पळशीकर आणि योगेंद्र यादव हे त्या पुस्तकाचे मुख्य सल्लागार होते. दोघांनीही आदल्याच दिवशी राजीनामा दिला होता. विद्यापीठ आमच्यापासून फार लांब नाही, मुळा ओलांडून खडकी मागे टाकली की गणेशखिंड. फुटलेल्या काचा टीव्हीवर दिसल्या आणि मी, शिक्षकाची खुर्ची उलटी पडलेली पाहून, "बरं झालं" म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. त्या क्षणापर्यंत मी ते पुस्तक हातातही घेतलेलं नव्हतं. महोदय, त्या उद्गाराची मला आजही लाज वाटते, आणि हे पत्र लिहिण्याचं एक कारण तेच आहे.

माझं मत बदलायला पुस्तकांइतकंच एक जुनं कार्टून कारणीभूत झालं.

कार्टून नेटवर्क भारतात १९९५ मध्ये आलं. त्यानंतर थोड्याच काळात आमच्या चाळीतही केबल आली. शाळेतून आल्यावर 'टॉम अँड जेरी' पाहणं हा आमचा नेम. त्यातल्या घरात एक बाई आहे. टॉमला झाडूनं बडवते, फ्रिजवर पहारा ठेवते. तिच्या फक्त जाड पिंढऱ्या दिसतात, पायांतले घोळदार मोजे, सपाता आणि ॲप्रन. आम्ही पोट धरून हसायचो. माझी आई खडकीतल्या तीन बंगल्यांत धुणी-भांडी करायची. एकदा दुपारी ती कामावरून येऊन पाय सोडून बसली होती, थोडा वेळ आमच्याबरोबर पडद्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "त्या बाईचं तोंड का गं दाखवत नाहीत?" मी म्हटलं, "कार्टून आहे आई, तसंच असतं." ती काही बोलली नाही. उठून चहा टाकायला गेली.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला वीस वर्षांनी मिळालं. हॅना आणि बार्बेरा या जोडीनं ती बाई १९४० च्या पहिल्या चित्रपटापासून ठेवली होती आणि १९५२ पर्यंत चालवली. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गुलामगिरीतून आलेला हा ठरीव साचा: लठ्ठ, काळी, मोठ्या आवाजाची, मालकाच्या घराला जीव लावणारी मोलकरीण. आवाज लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा होता, श्रेयनामावलीत तिचं नाव नसायचं. १९५० च्या एका चित्रपटात ती बाई शनिवारच्या रात्री मैत्रिणींकडे पत्ते खेळायला जाते, मांजरांनी घरात धिंगाणा घातल्याचं कळल्यावर पळत येते, आणि त्या धावण्यात एक निमिषभर तिचा चेहरा दिसतो. बारा वर्षांत तेवढंच.

पुढं त्या देशात नागरी हक्कांची चळवळ पेटली आणि साठच्या दशकात चित्रपटगृहांतली ही कार्टूनं टीव्हीवर दाखवताना ती बनवणाऱ्या कंपनीला अडचण वाटू लागली. तेव्हा त्यांनी काय करावं? चित्रफितींवर नव्यानं चित्रं काढून त्या बाईला गोरी केली. आयरिश धाटणीचा दुसरा आवाज घातला. ज्या चित्रपटात तिचा चेहरा दिसतो त्यात तर तिच्या जागी एक सडपातळ गोरी पोर आली. नव्वदच्या दशकात पुन्हा मूळ चित्रं आली, पण आवाज बदलून. म्हणजे लिलियन रँडॉल्फ त्यातूनही गेलीच. तिचा अपमान झाला म्हणून सुरुवात झाली होती, आणि शेवटी पुसली गेली तीच.

हॉलिवूडनं याहून वेगळे मार्गही काढले. वॉर्नर ब्रदर्सच्या जुन्या कार्टूनांपैकी अकरा चित्रपट १९६८ मध्ये टीव्हीच्या यादीतून उचलून कपाटात ठेवले गेले, ते तिथंच आहेत. डिस्नेनं 'फँटेशिया' या १९४० च्या चित्रपटातली गोऱ्या अश्वकन्यांचे खूर साफ करणारी काळी मुलगी १९६९ मध्ये अशा सफाईनं काढली की आज कुणाला ती होती हे सांगावं लागतं. मला सर्वांत प्रामाणिक वाटला तो २००५ चा प्रयत्न. वॉर्नरनं आपल्या कार्टूनांचा एक संच काढला आणि सुरुवातीला व्हूपी गोल्डबर्ग या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला पडद्यावर उभं केलं. ती प्रेक्षकांना सांगते की पुढं जे दिसणार आहे त्यात चुकीच्या, दुखावणाऱ्या गोष्टी आहेत, आणि त्या गाळल्या तर असं काही घडलंच नव्हतं असं म्हटल्यासारखं होईल. ज्यांचा अपमान झाला त्यांच्यातलीच एक व्यक्ती पुढं येऊन हे म्हणते, म्हणून त्याला वजन आहे. कंपनीच्या वकिलानं चार ओळींची सूचना छापली असती तर मला ते एवढं पटलं नसतं.

हे सगळं मी तुम्हाला का सांगते? कारण आपण २०१२ मध्ये जे केलं ते फँटेशियासारखं केलं. नुसतं त्या एका चित्रापुरतंही नाही. प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिनं नववी ते बारावीच्या सामाजिक शास्त्रांच्या पुस्तकांतली चित्रं तपासली आणि आणखी बरीच काढायची शिफारस केली. समितीतले एम. एस. एस. पांडियन यांनी एकट्यानं असहमती नोंदवली. थोरात सर आमचे आहेत, त्यांच्याविषयी मनात आदर आहे आणि राहील. पण या बाबतीत मला पांडियन बरोबर वाटतात, आणि हे आमच्या वस्तीत बोलणं सोपं नाही.

दहा वर्षांनी तीच कात्री परत चालली. २०२२ मध्ये कोविडनंतर अभ्यासाचा भार हलका करायचा म्हणून तुम्ही पुस्तकांतले भाग गाळले. बारावीच्या 'पॉलिटिक्स इन इंडिया सिन्स इंडिपेंडन्स'मधलं एक अख्खं प्रकरण त्यात गेलं, लोकचळवळींवरचं. त्यात चिपको होतं. त्यात दलित पँथर होती. नामदेव ढसाळांची कविता होती! मुंबईच्या गोलपिठ्यावरून आलेली कविता देशभरच्या सतरा वर्षांच्या मुलांच्या हातात सरकारी पुस्तकातून पोचत होती. १९७२ मध्ये पँथर उभी राहिली आणि त्याच वर्षीच्या पंधरा ऑगस्टला 'साधना'त राजा ढालेंच्या लेखानं महाराष्ट्र हादरला, ही गोष्ट केरळातल्या किंवा आसामातल्या मुलीला कुठून कळणार होती? ते प्रकरण ज्या पुस्तकात होतं त्याचे मुख्य सल्लागारही पळशीकर आणि यादवच होते. ज्यांच्या खुर्च्या फुटल्या म्हणून मी "बरं झालं" म्हणाले, त्यांनीच पँथरला वर्गात नेलं होतं. २०२३ मध्ये दोघांनी तुम्हाला पत्र लिहून या पुस्तकांवरून आपली नावं काढायला सांगितली. पँथरचं प्रकरण गेलं तेव्हा दापोडीत कुणी टीव्हीपुढं जमलं नाही. संसद बंद पडली नाही. बहुतेकांना कळलंच नाही.

आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये महात्मा फुल्यांवरचा चित्रपट अडला. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला, ११ एप्रिलचं, जोतीरावांच्या जयंतीचं प्रदर्शन २५ एप्रिलवर गेलं, आणि सेन्सॉर बोर्डानं 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द हटवायला सांगितले. आमचेच शब्द, आमच्याच इतिहासातून, कुणाला तरी लागतील म्हणून. २०१२ मध्ये 'भावना दुखावल्या' हे आमचं बोलणं खरं होतं. त्याच दोन शब्दांत आता दुसरं कुणी बोलतं आणि फुल्यांच्या तोंडचे शब्द जातात. ज्याच्या हातात संख्या, पैसा आणि ओळखी आहेत त्याच्या भावना कधीही लवकर ऐकल्या जाणार, हे आम्हाला त्या मे महिन्यात कळायला हवं होतं.

हे पत्र लिहिण्याआधी मी त्याचा मसुदा एका जुन्या कार्यकर्त्या मित्राला दाखवला. त्यानं तो वाचला आणि एकच प्रश्न विचारला: "साठ पोरांच्या वर्गात आपलं एक पोर बसलंय. पान उघडलं, मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. तू त्या पोराला काय सांगणार?" या प्रश्नानं मी दोन रात्री अडकून पडले, कारण असं हसू मी स्वतः ऐकलेलं आहे. चौदा एप्रिलनंतर शाळेत गेलं की ऐकू यायचं. डॉक्टर म्हणून रुजू झालेल्या माझ्या मावसबहिणीनं वसतिगृहात ऐकलं. मोठे विद्वान स्वातंत्र्याच्या बाजूनं लिहितात तेव्हा हे मागच्या बाकावरचं हसू त्यांच्या लेखात नसतं, म्हणून आमच्या लोकांना ते लेख परके वाटतात.

माझं उत्तर असं आहे, आणि तीच माझी तुमच्याकडे मागणी आहे. चित्राला प्रत्युत्तर देण्याचं ओझं त्या पोरावर पडता कामा नये. ते पानावरच छापलेलं असलं पाहिजे. जुन्या पुस्तकाची चूक चित्र घालण्यात नव्हती. धड्यातला मजकूर चांगलाच होता, चर्चेला वेळ लागतो आणि तो लागायलाच हवा, हे तो सांगत होता. चूक ही होती की चित्राखाली गोगलगायीबद्दल प्रश्न होता, चाबकाबद्दल नव्हता. ज्यांना चाबूक आधी दिसतो असं कुणी पुस्तक पाहणाऱ्यांत त्या टेबलावर असतं, तर तो प्रश्न राहून गेला नसता.

उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. ते बाबासाहेबांनी स्वतः दिलेलं आहे. चित्र छापून आल्यावर तीन महिन्यांच्या आत, २५ नोव्हेंबर १९४९ ला, संविधान सभेतल्या त्यांच्या शेवटच्या मोठ्या भाषणात. मसुदा समितीला सभेतल्याच एका सदस्यानं वाहवत चाललेली समिती असं नाव ठेवलं होतं, त्याची त्यांनी दखल घेतली आणि मग आकडे मांडले. सभा पहिल्यांदा भरली ९ डिसेंबर १९४६ ला, तेव्हापासून दोन वर्षं, अकरा महिने, सतरा दिवस. अकरा अधिवेशनं, १६५ दिवस, त्यातले ११४ दिवस मसुद्यावर. मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ ला निवडली गेली आणि १४१ दिवस बसली. म्हणजे शंकरनी गोगलगाय काढली तेव्हा समितीला दोन वर्षंही पुरी झालेली नव्हती, एक दिवस बाकी होता. मग बाबासाहेबांनी तुलना केली. अमेरिकेला चार महिन्यांच्या आत जमलं, पण कलमं सात. कॅनडाला दोन वर्षं पाच महिने, कलमं १४७. ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं, कलमं १२८. दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष, कलमं १५३. आपली ३९५. शिवाय त्या देशांना दुरुस्त्यांचा असा मारा सोसावा लागला नव्हता. आपल्याकडे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. दर दुरुस्तीला उत्तर देणारा माणूस मधुमेहानं पोखरलेला होता.

त्याच्यासोबत ५ नोव्हेंबर १९४८ चं टी. टी. कृष्णम्माचारींचं भाषण ठेवा. मसुदा समितीत सात जण नेमले होते. एकानं राजीनामा दिला आणि त्याची जागा भरली गेली, एक वारला आणि त्याची जागा भरली गेली नाही, एक अमेरिकेत, एक संस्थानांच्या कामात, एखाददुसरा प्रकृतीमुळे दिल्लीपासून लांब. मग सगळा भार एकट्या डॉ. आंबेडकरांवर पडला, असं कृष्णम्माचारींनी सभेत उभं राहून सांगितलं. गोगलगायीच्या पाठीवर एकच माणूस का आहे, याचं उत्तर शंकरच्या चित्राआधीच नोंदवलं गेलेलं होतं.

हे तिन्ही एका पानावर आणा: चित्र, हे आकडे, कृष्णम्माचारींचं म्हणणं. श्याम सुंदरांनी गोळा केलेल्या चित्रांपैकी एखाददुसरं शेजारी ठेवा, म्हणजे उंचीची ती युक्ती मुलांच्या डोळ्यांनी पकडता येईल. मग खाली विचारा: या चित्रात चाबूक कुणाच्या हातात आहे? तो कुणाला लागतो असं तुम्हाला वाटतं? तुमच्या शेजारी बसलेल्याला तसंच वाटतं का? गर्दीतले लोक का हसताहेत? शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत मागच्या बाकावरच्या हसण्याचं काय करायचं हेही लिहा. त्या पानावर काम करणाऱ्यांत अशी माणसं घ्या ज्यांच्या घरात चाबूक खाल्लेली पिढी होऊन गेली. मागच्या बाकावर हसणाऱ्या मुलालाही त्या पानाची गरज आहे, आपलं हसू कुठून येतं हे त्याला तिथंच पहिल्यांदा कळेल.

हे मी अकरावीच्या मुलांबद्दल म्हणते आहे. पाच वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी, तो टीव्हीपुढं एकटा असतो आणि त्याच्याशेजारी शिक्षक बसलेला नसतो. माझा भाचा मोबाईलवर 'छोटा भीम' पाहतो. त्यात दांडगाई करणाऱ्या मुलाचं नाव कालिया आहे. एक दिवस भाचा घरी येऊन शाळेतल्या एका सावळ्या मुलाला कालिया म्हणाला. त्याला समोर बसवून बोलावं लागलं. लहान मुलांसाठी काय दाखवायचं यात निवड करावीच लागते, ती केली तर मला तक्रार नाही. सतरा वर्षांच्या मुलाला मात्र पुढच्याच वर्षी मतदान करायचं असतं. त्याच्या देशाच्या घटनाकाराला या देशातल्या सुशिक्षितांनी कसं पाहिलं, हे त्याच्यापासून लपवून त्याला घटना शिकवता येणार नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तुमच्याकडे नवी पुस्तकं तयार होण्याचं काम चालू आहे, म्हणून हे आत्ता लिहिते आहे. नव्या पुस्तकात गोगलगाय परत येऊ द्या आणि ढसाळांची कविताही परत येऊ द्या. दोन्ही एकाच पत्रात मागते आहे, कारण एकाला काढताना आनंद मानून दुसऱ्यासाठी रडण्याचा हक्क मला उरत नाही.

आमच्या या पट्ट्यातल्या लोकांसाठी बाबासाहेब काही पुतळ्यापुरते नाहीत. २५ डिसेंबर १९५४ ला ते इथून पाच स्टेशनं पुढं देहूरोडला आले होते, रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती त्यांनी तिथं स्वतःच्या हातानं बसवली. माझे आजोबा त्या गर्दीत होते. पाय दुखत असल्यानं बाबासाहेबांना चालताना आधार घ्यावा लागत होता, हे ते सांगायचे. दर वर्षी त्या तारखेला दापोडीहून लोकल भरून माणसं जातात. या माणसांना एका जुन्या व्यंगचित्रापासून वाचवण्याची गरज होती असं मला आता वाटत नाही. त्यांना त्याच पानावर स्वतःचं म्हणणं छापून हवं होतं.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं, विद्यापीठातल्या काचा आणि माझं "बरं झालं" यासकट. तिनं चित्राकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ताई, गर्दीतल्या एकाच्याही हातात लगाम नाही." मग ती वाचत बसली.

आमच्याकडे जुन्या छपाईची ती एकच प्रत आहे. एवढ्या हातांतून गेल्यानं ते पान सुटं झालंय, मी दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली आहे. नवीन छापलंत तर कळवा, अभ्यासिकेसाठी दहा प्रती घ्यायच्या आहेत.

कळावे,
आपली,
अभ्यासिकेतली एक ताई
दापोडी, पुणे १२